घरांतील समुद्र व त्यांतील रक्तबीज

देवीमाहात्म्यांतील रक्तबीजाची कथा आपल्यापैकीं बहुतेकांनीं घरांतील वडील माणसांच्या तोंडून ऐकलेली असेल. या दैत्याच्या अंगावर शस्त्राचा घाव बसला कीं रक्ताचे जितके थेंब भूमीवर पडत, तितके नवे दैत्य उभे राहत. घाव घालणाऱ्याचा आवेश जितका अधिक, तितकी शत्रूची संख्याही अधिक. शेवटीं कालीनें आपलें मुख पसरून रक्ताचा एकही थेंब भूमीवर पडूं दिला नाहीं, तेव्हां कोठें त्या दैत्याचा अंत झाला. ही झाली पुराणांतील कथा. परंतु प्राणिसृष्टींतही असा एक रक्तबीज आहे, आणि तो दोन-तीन बोटें उंचीचा व दिसावयास फुलासारखा नाजूक आहे, असें कोणी सांगितलें असतें तर मला तें खरें वाटलें नसतें. गेल्या उन्हाळ्यांत मात्र तो मीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला, आणि एका बारा वर्षांच्या मुलानें त्याच्याशीं मांडलेल्या युद्धांत थोडाबहुत भागही घेतला. त्याची हकीकत वाचकांस सादर करीत आहें.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत सहकुटुंब राहतो. त्याच्या दिवाणखान्यांत सुमारें ३०० लिटर पाणी मावेल अशी कांचेची टाकी आहे, व तिची सर्व व्यवस्था त्याचा मुलगा, म्हणजे माझा नातू, पाहतो. गोड्या पाण्यांतील सोनेरी मासे आपण पुष्कळांच्या घरीं पाहतों. पण ही टाकी खाऱ्या पाण्याची. एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असें समुद्राचें प्रमाण असतें, तें तेथें कसोशीनें राखावें लागतें. स्वयंपाकाचें मीठ या कामीं चालत नाहीं; समुद्रांतील निरनिराळ्या क्षारांचें तयार मिश्रण आणून तें शुद्ध पाण्यांत विरघळवितात. पाण्याची उष्णता २५-२६ अंशांच्या आसपास ठेवितात, लाटांचें काम पंप करितात, व सूर्याचें काम निळसर प्रकाशाचे दिवे करितात. तळाशीं सच्छिद्र खडक रचलेले असतात आणि त्यांवर प्रवाळ वाढत असतात.

प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. तो सजीव प्राण्यांचा समूह होय. त्याच्या शरीरांत अतिसूक्ष्म अशा शैवलपेशी राहतात. त्या प्रकाशाच्या साहाय्यानें अन्न तयार करितात व त्यांतील मोठा वांटा आपल्या यजमानास देतात. यजमान त्यांना आसरा देतो. या सहजीवनावरच प्रवाळांची सारी रंगीबेरंगी सृष्टि उभी आहे. येथें एक गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. तिकडे प्रवाळाचे लहान तुकडे टाक्यांतच वाढवून विकण्याचा व्यवसाय आहे, म्हणून असा छंद तेथें चालतो. आपल्या देशांत दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वयें संरक्षण आहे; ते समुद्रांतून काढून घरीं आणणें हा गुन्हा आहे. म्हणून हा लेख वाचून कोणीं मालवणच्या खडकांकडे धांव घेऊं नये!

आतां मूळ कथेकडे वळूं. नातवानें एका दुकानांतून एक नवा खडक आणला होता. कांहीं दिवसांनीं त्याच्या एका भोंकांतून तपकिरी रंगाचें, कांचेसारखें पारदर्शक एक चिमुकलें फूल डोकावूं लागलें. लांब देठ, वर एक चकती, तिच्या कडेनें पंचवीस-तीस निमुळत्या पाकळ्या, आणि मध्यभागीं एक छिद्र. फुकट मिळालेल्या या पाहुण्याचा मुलास मोठा आनंद झाला व त्यानें त्याला रोज कोळंबीचा कण भरविण्यास आरंभ केला. पाहुणा लठ्ठ झाला. महिनाभरांत त्याच्या शेजारीं आणखी दोन दिसूं लागले, मग पांच झाले.

हा पाहुणा म्हणजे एक प्रकारचें समुद्रपुष्प होतें. शास्त्रीय नांव ऐप्टेशिया. समुद्रपुष्पें आपल्याला अपरिचित नाहींत. मुंबईच्या किंवा कोंकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं पाण्याच्या डबक्यांत त्यांचे अनेक प्रकार पाहावयास मिळतात. नांवांत पुष्प असलें तरी तो प्राणी आहे, व प्रवाळांचा जवळचा आप्त आहे. मधलें छिद्र हें त्याचें तोंड. ज्यांना आपण पाकळ्या म्हटलें ते त्याचे बाहू, म्हणजे संस्पर्शक. त्यांवर असंख्य दंशपेशी असतात. प्रत्येक दंशपेशींत गुंडाळून ठेवलेला एक सूक्ष्म तंतु असतो. स्पर्श होतांच तो बाणासारखा सुटून भक्ष्याच्या अंगांत विष सोडतो. याखेरीज संकटप्रसंगीं हा प्राणी आपल्या पोटांतून पांढरे, दाहक दोरेही बाहेर फेंकतो. खालच्या बाजूस चपटा तळवा असतो व त्यानें तो खडकास घट्ट चिकटून राहतो. किंचित् धक्का लागला कीं सर्व अंग आंखडून भोंकांत असा दडून बसतो कीं, तेथें कांहीं होतें याचीही शंका येऊं नये.

टाकींत एका खडकावर बटणांसारख्या गोल, हिरव्या-नारिंगी प्राण्यांची एक वसाहत होती. त्यांना झोअँथिड म्हणतात. तेही प्रवाळांचेच भाऊबंद. दोन वर्षांच्या वाढदिवसांचे पैसे सांठवून मुलानें ती घेतली होती व घरीं येणाऱ्या प्रत्येकास तो ती आधीं दाखवीत असे. मी गेलों त्या सुमारास तिची एक बाजू मिटून गेलेली होती. बारकाईनें पाहतां असें दिसलें कीं, शेजारचें ऐप्टेशिया आपले लांब बाहू तिच्यावर टेंकवून बसलें आहे. रोजच्या या दंशांनीं त्या बिचाऱ्यांनीं उमलण्याचेंच सोडून दिलें होतें. मग मात्र मुलाचें प्रेम एका क्षणांत आटलें. त्यानें सुरी घेतली, हात पाण्यांत घातला आणि सर्व पाहुणे खरवडून काढले. पाणी क्षणभर गढूळ झालें; खडक स्वच्छ दिसूं लागला; आणि स्वारी विजयानें फुलून गेली.

तीन आठवड्यांनीं तो माझ्या खोलींत आला तेव्हां त्याचा चेहरा पडलेला होता. "आजोबा, मीं एकूणएक काढलीं होतीं हो! आतां मोजलीं तर एकेचाळीस आहेत!"

हें असें कां झालें? ऐप्टेशियाचें प्रजनन दोन प्रकारांनीं होतें. एक नर-मादींच्या बीजांपासून. त्यांतून निघालेलीं सूक्ष्म पिलें पाण्याबरोबर दूरवर जातात. दुसरा प्रकार अधिक चमत्कारिक आहे. हें समुद्रपुष्प खडकावरून सरकतांना त्याच्या तळव्याचे बारीक तुकडे मागें राहतात, व त्या प्रत्येक तुकड्यापासून एक संपूर्ण नवें समुद्रपुष्प तयार होतें. म्हणजे कोणीं न कापतांही तें स्वतःचे तुकडे करून वाढत असतें. मग सुरीनें खरवडणें म्हणजे त्याच्याच कामाला हातभार लावणें होय! खरवडलेले कण पाण्याच्या प्रवाहानें टाकीभर पसरले आणि जेथें अडकले तेथें रुजले. रक्तबीजाची कथा आम्हां दोघांनाही एकदमच आठवली.

हा गुण मनुष्याच्या लक्षांत येऊन पावणेतीनशेंहून अधिक वर्षें झालीं आहेत, आणि तो प्रसंगही विद्यार्थ्यांनीं ऐकण्यासारखा आहे. जिनीव्हाचा आब्राहम ट्रेंब्ले हा गृहस्थ हॉलंडांतील हेगजवळ एका सरदाराच्या दोन मुलांचा शिक्षक होता. इ. स. १७४० मध्यें खंदकांतील व डबक्यांतील पाणी कांचेच्या भांड्यांत ठेवून त्यांतील जीव न्याहाळीत असतां त्याला एक हिरवा, बाहू असलेला चिमुकला जीव आढळला. ही वनस्पति कीं प्राणी, असा प्रश्न पडला. ठरविण्यासाठीं त्यानें त्याचे दोन तुकडे केले. कल्पना ही कीं, वनस्पति असेल तर दोन्ही भाग जगतील व प्राणी असेल तर मरतील. कांहीं दिवसांत दोन्ही भागांचे दोन पूर्ण जीव झाले. आणि तरीही ते जीव चालत, भक्ष्य पकडीत व गिळीत, म्हणजे निःसंशय प्राणीच होते! त्यालाच आज आपण हायड्रा म्हणतों. ट्रेंब्लेचा ग्रंथ १७४४ सालीं प्रसिद्ध झाला आणि युरोपांतील विद्वान् थक्क झाले. हायड्रा व ऐप्टेशिया हे एकाच मोठ्या प्राणिसंघांतील आहेत. ट्रेंब्लेनें कापलें तें जाणण्यासाठीं, आणि कापल्यावर रोज पाहून टिपून ठेविलें. आमच्या नातवानें कापलें तें रागानें, आणि कापल्यावर पाठ फिरविली.

पण राग अद्याप निवाला नव्हता. दुसऱ्या दिवशीं तो आईजवळ सर्वांत मोठें पातेलें मागूं लागला. सर्व खडक चुलीवर उकळून काढावे म्हणजे एकही शत्रु वांचणार नाहीं, असा त्याचा बेत होता. मी विज्ञानाचा शिक्षक. पण खऱ्या पाण्याच्या टाकीविषयीं माझें ज्ञान त्याच्याहूनही कमी होतें, म्हणून नाहीं म्हणण्यास माझ्याजवळ कारण नव्हतें. मीं इतकेंच म्हटलें, "बाळ, एकदां न समजतां केलें, त्याचें फळ पाहिलेंस. आज रात्रीं आधीं वाचूं. उकळावयाचें तें उद्यां उकळ." तो कुरकुरला, पण बसला. वाचतां वाचतां एका मजकुराशीं येऊन आम्ही दोघेही थबकलों. झोअँथिडांपैकीं कांहीं जातींच्या अंगांत पॅलिटॉक्सिन नांवाचें अत्यंत जहाल विष असतें. १९७१ मध्यें हवाई बेटांतील अशाच एका जातीपासून तें शास्त्रज्ञांनीं प्रथम वेगळें केलें. असे जीव चिकटलेला खडक उकळला, किंवा कढत पाण्यानें धुतला, तर विषाचे कण वाफेबरोबर हवेंत मिसळतात. आणि अशा रीतीनें छंदी माणसें आपल्या कुटुंबियांसह श्वासाच्या विकारानें रुग्णालयांत गेल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. मुलानें मान वर करून स्वयंपाकघराकडे पाहिलें. तेथें त्याची आई व धाकटी बहीण बोलत होत्या. तो कांहीं बोलला नाहीं. उठून पातेलें जागेवर ठेवून आला. माझ्या मतें त्या युद्धांतला खरा विजय त्याच क्षणीं मिळाला. पुढचें सारें काम केवळ काळाचें होतें.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं पद्धतशीर अभ्यास सुरू केला. शत्रु ओळखणें ही पहिली पायरी. टाक्यांत उपद्रव देणारें आणखी एक समुद्रपुष्प आहे, त्याला मजानो म्हणतात. त्याचा देठ आंखूड, बाहू जाड व त्यांचीं टोकें बोंडासारखीं फुगीर असतात. ऐप्टेशियावर चालणारे कांहीं उपाय मजानोवर चालत नाहींत. म्हणून नांव निश्चित केल्यावांचून औषध आणूं नये. आमचा शत्रु ऐप्टेशियाच आहे याची खात्री करून आम्हीं उपायांची यादी केली.

पहिला उपाय चुन्याचा. विरलेला शुद्ध चुना पाण्यांत कालवून दाट खीर करावी, ती बोथट सुईच्या पिचकारींत भरावी, पंप बंद करून पाणी स्थिर करावें, आणि समुद्रपुष्पास धक्का न लावतां त्याच्या तोंडावर अलगद सोडावी. तें तिला अन्न समजून गिळतें व आंतून जळून जातें. सगळें शरीर एकाच वेळीं नष्ट होत असल्यामुळें तुकडे मागें राहण्याचा संभव कमी. परंतु चुन्यानें पाण्याचा क्षारधर्म वाढतो. म्हणून एका वेळीं तीन-चारांहून अधिकांवर प्रयोग करूं नये. चुना डोळ्यांस व त्वचेस घातक आहे. हातमोजे व चष्मा यांवांचून, आणि मुलांनीं मोठ्या माणसांवांचून, हें काम मुळींच करूं नये. आम्हीं हा उपाय केला. दर्शनी भागांतील समुद्रपुष्पें गेलीं, पण खडकांच्या पाठीमागें व खोल भोंकांत असलेल्यांपर्यंत सुई पोंचेना. आणि ज्यांचा तळवा शिल्लक राहिला होता तीं पुन्हां उगवलीं.

दुसरा उपाय पेपरमिंट नांवाच्या तांबड्या रेघांच्या कोळंबीचा. ती ऐप्टेशिया खाते खरी, पण प्रत्येक खातेच असें नाहीं; टाकींत दुसरें अन्न मुबलक मिळालें तर ती या कष्टाच्या घांसाकडे वळतही नाहीं. शिवाय तिच्याशीं साम्य असलेली दुसरी एक कुबडी कोळंबी बाजारांत मिळते, ती प्रवाळांवरच ताव मारते. तिसरा उपाय लांब चोंचीच्या, ताम्रवर्णी पट्ट्यांच्या फुलपांखरू माशाचा. हा मासा सुंदर, पण फार नाजूक. बंदिवासांत पुष्कळदां अन्नावांचून मरतो. "आपल्या चुकीसाठीं त्याला कां मारावयाचें?" असें मुलानेंच म्हटलें, व तो उपाय खोडला.

शेवटचा उपाय आम्हांस पसंत पडला. बर्घिया नांवाची शंख नसलेली एक समुद्रांतील गोगलगाय आहे. तिची लांबी एखाद-दोन सेंटिमीटर, अंग पांढुरकें, आणि पाठीवर केसाळ झालरीसारखे उंचवटे. ऐप्टेशिया हेंच तिचें अन्न. दुसरें कांहींही ती खात नाहीं. त्याहून नवलाची गोष्ट अशी कीं, खाल्लेल्या भक्ष्याचीं न सुटलेलीं दंशशस्त्रें ती पचवीत नाहीं, तर पाठीवरच्या उंचवट्यांच्या टोकांशीं सांठवून स्वतःच्या रक्षणासाठीं वापरते. ती रात्रीं संचार करिते, चिमट्याएवढ्या फटींत शिरते, आणि जेथें सुई पोंचत नाहीं तेथें पोंचते. कालीच्या पसरलेल्या मुखाची आठवण व्हावी असाच हा प्रकार. मात्र पेपरमिंट कोळंबी व कांहीं मासे तिलाच खाऊन टाकतात. म्हणून दोन्ही उपाय एकदम करणें म्हणजे पैसे पाण्यांत घालणें होय.

आठ बर्घिया आणून रात्रीं दिवे मालवल्यावर अलगद नळीनें आम्हीं त्यांना खडकाजवळ सोडलें. मग मीं मुलास एक वही दिली. दर रविवारीं सकाळीं समुद्रपुष्पें मोजावयाचीं, आंकडा लिहावयाचा, आणि टाकींत हात घालावयाचा नाहीं. पहिल्या रविवारीं ३३, दुसऱ्या रविवारीं ३५, तिसऱ्या रविवारीं ३६. गोगलगायी तर दिसेनातच. मुलाचा धीर सुटत चालला. चुना, सुरी, पातेलें, सर्व त्याला पुन्हां आठवूं लागलें. चौथ्या आठवड्यांत भिंगांतून पाहतां खडकाच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याची सुबक चकली घातल्यासारखें कांहीं दिसलें. तीं बर्घियाचीं अंडीं होतीं. त्या दिवशीं आंकडा ३४ होता. म्हणजे कमी जवळजवळ झालाच नव्हता. तरी मुलगा शांत झाला. न दिसणारें काम चाललें आहे याचा त्याला पुरावा मिळाला होता.

या प्रतीक्षेच्या काळांत वहीनें आणखी एक गोष्ट उघडकीस आणली. मुलगा माशांना रोज किती अन्न घालतो तेंही मीं लिहावयास सांगितलें होतें. तें मासे खाऊं शकत त्याच्या दुपटीहून अधिक निघालें. उरलेलें अन्न कोण खात होतें हें आतां सांगावयास नको! आरंभींचें लाडाचें भरविणें तर होतेंच. पण पुढेंही शत्रूची शिदोरी आपल्याच हातून जात होती. अन्न निम्म्यावर आणलें. तसेंच नवा खडक वा प्रवाळ आणल्यास तो कित्येक आठवडे निराळ्या भांड्यांत ठेवून, उजेडांत फिरवून-फिरवून तपासल्याशिवाय मोठ्या टाकींत घालावयाचा नाहीं, असा नियम केला. टाकींतील कोणताही जीव नको झाला म्हणून नदींत वा समुद्रांत सोडावयाचा नाहीं, हाही नियम त्याच पानावर लिहिला. कारण जो टाकींत उपद्रव देतो तो परक्या किनाऱ्यावरही देऊं शकतो.

मी भारतांत परतलों तेव्हां आंकडा २१ होता. त्यानंतर दर रविवारीं मुलाचा संदेश येई, व त्यांत केवळ एक आंकडा असे. १६. ९. ४. दसऱ्याच्या सुमारास शून्य आलें, आणि त्याखालीं एक छायाचित्र होतें: झोअँथिडांची मिटलेली बाजू पूर्ण उमललेली होती. मी अभिनंदन लिहिणार, तोंच त्याचाच प्रश्न आला, "आजोबा, आतां बर्घिया काय खाणार?" उत्तरही त्यानेंच शोधलें. जवळच्या एका छंदी गृहस्थाच्या टाकींत हाच उपद्रव होता. त्यांच्याकडे त्यानें गोगलगायी नेऊन दिल्या, व वहींतील नोंदींची एक प्रतही सोबत दिली.

या समुद्रपुष्पाविषयीं शेवटीं एक न्यायाचा शब्द लिहिला पाहिजे. घरच्या टाकींत जो त्याचा दोष, तोच प्रयोगशाळेंत त्याचा गुण ठरला आहे. प्रवाळांप्रमाणें याच्याही अंगांत सूक्ष्म शैवलपेशी राहतात. पण प्रवाळ मंदगतीनें वाढतात व थोड्या हयगयीनें मरतात, तर हें झपाट्यानें वाढतें, आणि शैवलपेशी नाहींशा झाल्या तरी अन्न मिळाल्यास जिवंत राहतें. म्हणून प्राणी व शैवल यांचें सहजीवन कसें जुळतें आणि उष्णतेनें कसें तुटतें, याचा अभ्यास अनेक देशांतील शास्त्रज्ञ याच्यावर करितात. २०१५ मध्यें याच्या आनुवंशिक द्रव्याची संपूर्ण रचना प्रसिद्ध झाली. समुद्र तापला कीं प्रवाळ आपल्या शैवलपेशी टाकून पांढरे पडतात. आपल्या लक्षद्वीप बेटांतील प्रवाळांवर १९९८, २०१० व २०१६ या वर्षीं असें संकट आलें होतें. त्या संकटाचें मर्म उलगडण्याच्या कामीं हा तुच्छ मानलेला रक्तबीज आज साहाय्य करीत आहे.

नातवाची ती वही मीं मागवून घेतली आहे. पहिल्या पानावर त्यानें मोठ्या अक्षरांत लिहिलें आहे: "खरवडूं नये. उकळूं नये. आधीं मोजावें." आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्यांस यंदापासून मी तेंच पान प्रथम वाचावयास देणार आहें.